पाहुण्यांना गूळपाणी

उन्हातून कुणी घरी आलं की आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढे ठेवायचं, मग काय काम काढलंत ते विचारायचं, ही आमच्याकडची रीत. सांगलीच्या ज्या कॉलेजात मी नोकरी केली, तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतही 'गूळपाणी' हा शब्द चालायचा. आमच्या शिपाईमामांनी तो जिवाणूंना लावला होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वीज केव्हा जाईल याचा नेम नसे. जिवाणूंना ऊब देणारा इन्क्युबेटर थंड पडायचा आणि दुसऱ्या दिवशी नळ्यांमधलं माध्यम, म्हणजे जिवाणूंचं पातळ खाद्य, होतं तसंच, नितळ. जिवाणू वाढलेच नाहीत म्हणजे मुलांचं प्रॅक्टिकल वाया. यावर आमच्या विभागात एक तोड निघाली होती. माध्यम शिजवतानाच चमच्याच्या टोकावर मावेल एवढं ग्लुकोज त्यात टाकायचं. मग इन्क्युबेटर अर्धा वेळ बंद राहिला तरी सकाळी नळ्या ताकासारख्या गढूळ. मामा दारातून डोकावून विचारायचे, "सर, पाव्हण्यांस्नी गूळपाणी दिलं का?" मी म्हणायचो, "दिलं मामा." ही कुणी शिकवलेली पद्धत नव्हती. हात आपोआप बरणीकडे जायचा.

मी तिथं प्रॅक्टिकल घेणारा डेमॉन्स्ट्रेटर होतो, तात्पुरता. जूनमध्ये नेमणूक, उन्हाळ्यात घरी. आमच्या वस्तीवरच्या लोकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी मी कॉलेजातला सर होतो, पांढरा कोट घालणारा. वस्तीतला असा पहिलाच.

वस्ती पलूस तालुक्यातली. आमचं घर बौद्ध. आजोबांच्या पिढीनं धम्म घेतलेला. आई मी लहान असताना गेली आणि मला आत्यानं वाढवलं. ती विधवा होऊन माहेरी परतली होती. शेतात मजुरीला जायची, पण वस्तीत तिचा मान वेगळ्याच कारणासाठी होता. कुणाच्याही घरी बाळंतपण झालं की बाळाला पहिली अंघोळ आत्याच्या हातची. बाळंतिणीला तेल लावायचं, शेक द्यायचा, पोराची टाळू भरायची, सगळं तीच करायची. पैसे घ्यायची नाही. वस्तीतलं प्रत्येक पोर तिनं पायावर घेतलेलं होतं आणि ती ते बोलून दाखवायचीही. कुणी मोठा झालेला गडी तिच्याशी तोंड वर करून बोलला, की म्हणायची, "गप रं, तुजं ढुंगण मी धुतलंय."

गावच्या नळाचं पाणी वस्तीवर सगळ्यात शेवटी पोचायचं. पाइप गटाराच्या कडेनं, काही ठिकाणी गटारातूनच आलेला. एका उन्हाळ्यात त्या पाण्याला वास यायला लागला. बायका पाणी उकळून प्यायला लागल्या. त्यासाठी सरपण कुठून आणायचं हा रोजचा घोर. वस्तीतली माणसं सरपंचाकडे गेली, पाइप गटारातून काढून वरून घ्या म्हणाली. सरपंच म्हणाले, "वास तर आमच्या पन पाण्याला येतो. तपासून आणा, कागद दाखवा, मग बगू."

तेव्हा आत्या म्हणाली, "त्यात काय? आपलं माणूस सांगलीत त्येच काम करतंय."

जूनमध्ये पुन्हा रुजू झाल्यावर मी निर्जंतुक केलेली बाटली पाठवली. ती भरून, ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन आत्या एसटीनं सांगलीला आली. प्रयोगशाळेत स्टुलावर बसेना. उभ्यानंच सगळीकडे बघत राहिली. खिडकीतून पेठेतल्या हळदीचा वास येत होता. मामांनी तिला चहा दिला आणि म्हणाले, "आत्याबाई, बसा की. तुमास्नी च्या, तुमच्या पाण्यातल्या किड्यांस्नी गूळपाणी."

"किड्यांस्नी गूळपाणी?" आत्या म्हणाली. "आवं, मारायचं सोडून पाव्हणचार करताय व्हय?"

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

त्या तपासणीबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. पाण्यात जिवाणू असतातच. प्रश्न असा असतो की ते मातीतले आहेत की माणसाच्या आतड्यातले, म्हणजे मैल्यातून आलेले. आतड्यातला जो नेहमीचा जिवाणू आहे, तो प्रथिनांमधल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकाचे तुकडे करतो आणि त्यातून इंडोल नावाचा रेणू बाहेर टाकतो. वाढ झालेल्या नळीत एका औषधाचे थेंब सोडले की इंडोल असेल तर वर लालबुंद कडं धरतं, चेरीच्या रंगाचं. कडं धरलं म्हणजे पाण्यात मैला आहे. नाही धरलं तर मातीतले साधे जिवाणू. आमच्या छोट्या प्रयोगशाळेत शेवटचा निकाल त्या कड्यावरच ठरायचा.

आत्यानं आणलेल्या पाण्याच्या नळ्या मी लावल्या. माध्यम मीच शिजवलं. इंडोलच्या माध्यमात साखर नसावी, असं पुस्तकात एका ओळीत होतं. ती ओळ परीक्षेत मी लिहिलीही असेन. पण वीज गेलेली होती, आत्याला लवकर निकाल हवा होता आणि हात नेहमीप्रमाणे बरणीकडे गेला.

सकाळी नळ्या छान गढूळ होत्या. मी औषध सोडलं. अमाइल अल्कोहोलचा तो सडक्या केळ्यासारखा वास आला आणि वर पिवळट थर तसाच तरंगत राहिला. लाल काहीच नाही. मी नळी उजेडाकडे धरून पुन्हा बघितली. मला आनंद झाला होता, हे खरं सांगतो. वाईट बातमी द्यावी लागणार नव्हती.

मी अहवाल लिहिला, विभागाचा शिक्का मारला. जिवाणू मातीतले, मैल्याचा पुरावा नाही. उकळायची गरज नाही, हे आत्याला तोंडी सांगितलं.

तो कागद आत्यानं सरपंचांना दाखवला, तेव्हा मी तिथे नव्हतो. पण सरपंचांचं उत्तर वस्तीत पुढे कितीतरी दिवस फिरत होतं. ते म्हणाले होते, "तुमच्याच पोरानं लिवलंय की. आता आनि काय पायजे?" पाइप गटारातच राहिला.

बायकांनी पाणी उकळायचं सोडलं. सरपण वाचलं. सगळ्यांनी सोडलं, शेजारच्या मावशीच्या लेकीनं मात्र सोडलं नव्हतं. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मला ती लहानपणापासून ठाऊक, माझ्याहून बरीच धाकटी, आत्याच्याच पायावर वाढलेली. मावशी आणि आत्या एका उंबऱ्यातल्यासारख्या होत्या. चूल पेटवायला विस्तव एकीकडून दुसरीकडे जायचा.

त्या पोरीनं आत्याला विचारलं, "आत्या, मी पिऊ का ह्ये पाणी? का उकळू?"

आत्या म्हणाली, "कशाला लाकडं जाळतीस? माज्या भाच्यानं मशीनात घालून बगितलंय." आणि तिच्यासमोर नळाखाली ओंजळ धरून स्वतः प्याली. हे मला आत्यानंच सांगितलं, नंतर. मशीन वगैरे काही नव्हतं, पण तिला तसंच वाटत होतं.

पावसाळा संपता संपता वस्तीत जुलाब-वांत्या सुरू झाल्या. आत्यालाही झाल्या, ती उठली. बरेच जण उठले. मावशीच्या लेकीला आठवा सरलेला होता. तिला जीपमध्ये घालून सांगलीला आणलं तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते आणि कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. मला निरोप आला म्हणून मी दवाखान्यात धावत गेलो. ती वाचली नाही. पोटातलं मूलही नाही.

दवाखान्याच्या पायरीवर मावशी बसली होती. आत्या तिच्या पाठीवर हात ठेवायला गेली. मावशीनं तो हात झटकला नाही. नुसतं म्हणाली, "तू म्हनलीस म्हून तिनं पाणी उकळायचं सोडलं."

आत्या माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "पाणी चांगलं होतं, मावशी. खाण्यातून काही गेलं असेल."

तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो. माझा माझ्या नळीवर विश्वास होता. हे वाक्य मी स्वतःला पुष्कळ वर्षं ऐकवलं आहे. ते खरं आहे, पण फक्त पुढच्या वर्षापर्यंत.

पुढच्या वर्षी मी एम.फिल.साठी साताऱ्याला गेलो. किल्ल्याच्या पायथ्याशी एका निवृत्त सुभेदारांकडे खोली घेतली. ते मला "क्या जवान" म्हणून हाक मारायचे आणि माझे बूट पॉलिश केलेले नसले की नाराज व्हायचे. मला मार्गदर्शन करणाऱ्या बाई हुशार होत्या, कडक होत्या आणि परदेशी जर्नलं उशिरा का होईना मिळवून वाचायच्या. जिवाणू एकमेकांना रेणूंमधून निरोप देतात, आपण किती आहोत, अन्न किती आहे हे एकमेकांना कळवतात, असं तेव्हा नुकतंच कुठे कोणी कोणी म्हणायला लागलं होतं. बाईंचा संशय असा की इंडोल हाही असा एक निरोप असावा. त्यांनी मला विषय दिला: आतड्यातल्या जिवाणूंना कशा परिस्थितीत वाढवलं तर ते इंडोल किती बनवतात.

म्हणजे एकच जिवाणू घ्यायचा आणि त्याला वेगवेगळ्या घरात ठेवायचं. कुठे हवा जास्त, कुठे कमी, कुठे ऊब, कुठे आम्ल. कुठे नुसती प्रथिनं, कुठे त्यात ग्लुकोज.

एका दुपारी मी नळ्यांची रांग लावली आणि औषध सोडत गेलो. पहिल्या नळीत लाल कडं. दुसरीत लाल. तिसरीत लाल. ग्लुकोजच्या नळ्यांपाशी आलो आणि हात थांबला. त्या सगळ्यांत जास्त गढूळ होत्या. छान वाढलेल्या. थर पिवळट.

मी बूच काढून वास घेतला. साखर नसलेल्या नळीला तो ओळखीचा वास होता, शेणाचा आणि कुजक्या मोगऱ्याचा मिळून येतो तसा. ग्लुकोजच्या नळीला आंबूस, शिळ्या भाकरीसारखा. सांगलीला आत्याच्या पाण्याच्या नळ्यांनाही हाच आंबूस वास होता. तेव्हा तो माझ्या नाकाला कळला होता. डोक्यापर्यंत गेला नव्हता.

साखर मिळाली की हा जिवाणू ट्रिप्टोफॅनला हात लावत नाही. त्याचा तुकडा पाडणारं विकर, म्हणजे एन्झाइमच, तो बनवायचं थांबवतो. पोट भरलेलं असतं, इंडोल तयार होत नाही. तो जिवंत असतो, लाखोंनी असतो, पण आपण इथे आहोत हे कुणाला कळू देत नाही. त्याला गप्प मीच केलं होतं, चमच्याच्या टोकावरच्या ग्लुकोजनं.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी ग्लुकोजची नळी हातात घेतली, उजेडाकडे धरली.

"काहीच नाही! किती स्वच्छ निकाल आलाय बघा," त्या म्हणाल्या. "तुमच्या प्रबंधाचा कणा हाच. खूश नाही झालात?"

"झालो मॅडम," मी म्हणालो.

"मग चेहरा असा का?"

"ऊन लागलंय बहुतेक."

मी त्याच आठवड्यात वस्तीवर गेलो. आत्या अंगणात शेंगा फोडत बसली होती. शेजारी मावशीचं दार उघडं होतं, पण विस्तव आता इकडून तिकडे जात नव्हता. मी आत्याला सगळं सांगितलं. ट्रिप्टोफॅन वगैरे शब्द न वापरता सांगितलं. पाण्यात घाण होती आणि ती माझ्या चुकीनं मला दिसली नाही, एवढंच.

ती शेंगा फोडायची थांबली. मग तिनं विचारलं, "आनि कुणाला ठावं हाय?"

"कुणाला नाही."

"तुज्या त्या बाईला?"

"नाही."

"मग नगं सांगू."

"आत्या, मावशी तुझ्याशी बोलत नाही. लोक तुला..."

"बोलंल कवातरी," ती म्हणाली. "माजं काय, मी अडानी बाई. मी चुकले तर लोक म्हनतील, म्हातारीला काय कळतंय. तू चुकलास तर तुजी नोकरी जाईल. आनि वरच्या गल्लीतली म्हनतील, बगा, शिकवून काय उपेग झाला ह्यांस्नी." तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "जा तू. अब्यास कर."

मी गेलो.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. ती म्हणाली ते खरं होतं. स्टाफरूममध्ये आमच्यातल्या एकाची चूक आमच्या सगळ्यांच्या नावावर जमा व्हायची, हे मी बघितलं होतं. पण मी गप्प राहिलो ते वस्तीच्या अब्रूसाठी नाही. मला कायम व्हायचं होतं, आणि तिनं आयती परवानगी दिली होती. तिनं नको म्हटलं नसतं तरी मी बोललो असतो का, याचं उत्तर मला ठाऊक आहे.

एम.फिल. झालं. बाईंनी प्रबंधाची तारीफ केली. मी सांगलीला कायम झालो. वस्तीनं माझा सत्कार ठेवला. विहारात खुर्च्या मांडल्या, त्रिशरण-पंचशील झालं, शाल दिली, हार घातला. पोरांना समोर बसवलं होतं. माईक माझ्या हातात होता. आत्या शेवटच्या रांगेत बायकांमध्ये बसली होती, पण तिच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी होती. मावशी आलेली नव्हती. पुढच्या रांगेतली एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, तरी मला ऐकू आली, "पोरगा येवढा शाना, आनि हिनं त्येच्या नावावर काय बी सांगून त्या पोरीचा जीव घालवला."

म्हणजे तोपर्यंत गोष्ट अशी झाली होती. मी म्हणे नीट अहवाल दिला होता. उकळायची गरज नाही, हे आत्यानंच त्यात आपल्या मनाचं घालून सांगितलं. आत्यानं ते कधी खोडलं नव्हतं.

माईक हातात असताना मी शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आत्यानंही वाजवल्या.

बाळंतिणीच्या घरी तिला बोलावणं बंद झालं. कुणी मोठा ठराव केला नव्हता. एका घरी पहिल्यांदा दुसरीला बोलावलं, मग सगळ्यांनीच. एखाद्या घरात बाळ जन्माला आल्याचं कळलं की ती आधी तेल कोमट करायला ठेवायची, हळद उगाळायची आणि वाट बघायची. मग ते तेल स्वतःच्या गुडघ्यांना लावायची. मी सुट्टीला गेलो की हे बघायचो. तिच्यासाठी लुगडं न्यायचो, औषधं न्यायचो. एक वाक्य नेलं नाही.

पाइप नंतर कधीतरी बदलला. गावात दुसऱ्या योजनेचं काम आलं, त्यात तो वरून गेला. माझ्यामुळे नाही.

आत्या म्हातारी होऊन, अंथरुणाला न खिळता गेली. पुण्यानुमोदनाच्या विधीला वस्ती जमली. मावशी दाराशी येऊन उभी राहिली, आत आली नाही. फुलं तिथूनच दुसरीच्या हातात दिली आणि परत गेली. माणसं आत्याबद्दल चांगलं बोलत होती, गेलेल्याबद्दल बोलतात तसं. बाळंतपणांबद्दल कुणीच बोललं नाही.

आता तर तिची परवानगीही माझ्याकडे उरली नव्हती. तरी आणखी काही महिने गेले.

मी भर दुपारी मावशीच्या घरी गेलो. ती एकटीच असते आता. मला बघून उठली, पदर सारखा केला, आत गेली आणि स्टीलच्या ताटलीत गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी आणून पुढे ठेवलं. का आलोय ते विचारलं नाही. आधी पाणी, मग काम.

मी पाण्याला हात लावला नाही. सांगायला सुरुवात केली. सांगली, आत्यानं आणलेली बाटली, वीज गेलेली, चमच्याच्या टोकावरचं ग्लुकोज. मी सत्काराच्या दिवशी माईक हातात असून बोललो नाही तेही. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. दाराबाहेर, आत्याच्या बंद घराकडे बघत होती.

"म्हंजी तिनं तुजं म्हननं हाय तसंच सांगितलेलं आमाला," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आपल्या मनाचं काय घातलं नव्हतं."

"एक शब्द नाही."

"आनि तिला ठावं हुतं? तू चुकलायस ते?"

"मी साताऱ्याहून येऊन सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी."

मावशीनं बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाली, "येवढी वर्सं मी तिच्या घरचा विस्तव घेतला न्हाई." आणि थोड्या वेळानं, "ती गेली तवा पन मी दारातनंच फिरले."

माफी मागायचं ठरवून गेलो होतो, तो शब्द तोंडात आला नाही. बरंच झालं. तो ऐकून घ्यायचं ओझं तरी तिच्यावर पडलं नाही.

ती उठली. ताटलीतला गुळाचा खडा उचलला, आत जाऊन डब्यात परत टाकला. डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला. तांब्या तिनं तसाच ठेवला होता.

"पाणी पी आनि जा," ती आतूनच म्हणाली.

मी प्यालो. तांब्या उपडा करून ताटलीत ठेवला आणि निघालो.